पोरीनं हात लावला

बाबा, परवा बागेची चार माणसं घरी आली होती. तुमच्या बागेची. त्यांतल्या कुणीही तुम्हाला पाहिलेलं नाही. सगळ्यांत मोठा असेल तो साठीचा. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. बागेच्या फाटकाशी तुमच्या नावाचा दगड बसवणार आहेत. त्यावर काय कोरायचं ते टाइप करून आणलं होतं. ‘ज्यांनी एकट्याच्या कष्टाने ही बाग उभी केली’ ही त्यातली पहिली ओळ. दगड बसवतील त्या दिवशी मी पाच मिनिटं तुमच्याविषयी बोलावं अशी त्यांची इच्छा. “आजी, तुम्ही त्यांच्या कन्या, तुमच्याइतकं कोण सांगू शकणार?” असं तो साठीचा माणूस म्हणाला. मी हो म्हटलं. ते गेल्यापासून त्या ‘एकट्याच्या’ शब्दाकडे पाहत बसले आहे. भाषण लिहायला वही उघडली तर ‘बाबा’ एवढाच शब्द उतरला, आणि त्याच्यापुढे चार माणसांत वाचण्यासारखं काही येईना. म्हणून हे तुम्हालाच लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा मलाही जेमतेमच येत होतं, त्यामुळे आपल्या दोघांत कागद कधी आलाच नाही. आता येऊ दे.

एकट्याचे कष्ट! राइस मिलच्या मागच्या त्या जागेवर काय होतं ते आज कुणाला सांगूनही पटणार नाही. मिलवाले कोंड्याची राख तिथे आणून टाकायचे. उन्हाळ्यात ती उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि पावसाळ्यात तिचा असा चिखल व्हायचा की म्हैस रुतली तर चार माणसं लागत. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोहल्ल्यानं ठरवलं की इथे सगळ्यांची म्हणून बाग करायची. दर रविवारी घरटी एक माणूस आलं. राख उपसली, तळ्यातला गाळ बैलगाड्यांनी आणून पसरला. आपल्या घरचं माणूस म्हणून आई जायची, डोक्यावर टोपलं घेऊन. तुम्ही तेव्हा मिलच्या ओट्यावर उकडलेलं धान वाळत घालायच्या कामावर होता. त्याआधी तुम्ही रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता, पण साहेब विलायतेला गेला आणि त्याच्या जागी आलेल्या हाकिमाला फुलांची आवड नव्हती. बागेच्या कमिटीला हे कळलं आणि त्यांनी तुम्हाला माळी नेमलं. ते योग्यच झालं. तुमच्याएवढं झाडातलं कळणारा माणूस तेव्हा गोंदियात दुसरा नसेल. हे मी भाषणातही सांगेन आणि त्यात खोटं काही नाही.

मी सतराव्या वर्षी सासरहून घरी परत आले तेव्हा बाग दोन पावसाळे जुनी होती. आमगावजवळच्या ज्या गावात तुम्ही मला दिलं होतं तिथे माझ्या नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली आणि मला स्टेशनवर सोडून दिलं. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा आई रडली, तुम्ही ट्रंक उचलून आत ठेवलीत आणि म्हणालात, “जेवाले वाढ तिले.” त्या दिवशी तुम्ही मला एक अक्षर विचारलं नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला मानते. आज जेवढी रागावले आहे तेवढी रागावूनही मानते. मी आईबरोबर बिडीच्या कामाला बसले. पत्र्याचा नमुना तेंदूच्या पानावर ठेवायचा आणि कात्री त्याच्या कडेनं फिरवायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. माझी कात्री चुकत नसे. एक दिवस तुम्ही भाकर खाता खाता बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिलात आणि आईला म्हणालात, “पोरीचा हात साजरा आहे.” दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला उठवलंत.

मला वाटलं बागेत पाणी शेंदायचं असेल. तुम्ही मला फाटकाजवळच्या जास्वंदीपुढे उभं केलंत. मोठं झुडूप होतं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, बाहेरून हिरवंगार. तुम्ही फांद्या दोन्ही हातांनी फाकवल्या आणि आत पाहायला सांगितलं. आत सगळं वाळलेलं, एकमेकांत अडकलेलं, कोळिष्टकांनी भरलेलं. “आतून कापाव लागते आधी,” तुम्ही म्हणालात. “बाहेरून कापते थो न्हावी होय, माळी नोहे.” मग मेलेली काडी कशी ओळखायची ते दाखवलंत, नखानं साल खरवडली की खाली हिरवं दिसलं तर जिवंत. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी कोणती ठेवायची ते मला विचारलंत, आणि मी चुकीची दाखवली तेव्हा पाठीत धपाटा घातलात. आणि मग डोळा. पानाच्या बेचक्यातून जिथून नवा कोंब निघणार त्याला तुम्ही डोळा म्हणायचात. “डोळा कोणीकडे पाहून राहिला थे पाय. बाहेर पाहून राहिला ना? मंग त्याच्या वर एक बोट सोड आन् तिरपं काप. पावसाचं पाणी डोळ्यावर नाई गेलं पाहिजे, मांगून घसरलं पाहिजे.” मी कापलं. तुम्ही कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवलात आणि काहीच बोलला नाहीत. तुमचं काही न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला तोवर माहीत झालं होतं.

त्या सकाळी मला एक गोष्ट समजली नाही, ती पंधरा दिवसांनी समजली. तुम्ही प्रत्येक काडीवर आधी अंगठा फिरवायचात. मला वाटायचं ही माळ्याची रीत असेल. मग एका सकाळी तगरीच्या रांगेत तुम्ही छाटणीची कात्री, तुमचं ते सिकेटर, चालवलंत आणि काडीऐवजी स्वतःच्या अंगठ्याचं मांस उडवलंत. रक्त दुपट्ट्यात गुंडाळून तुम्ही तिथेच खाली बसलात. मी म्हटलं, “बाबा, तुम्हाले दिसत नाई का?” तुम्ही आधी फाटकाकडे मान वळवलीत, कुणी ऐकतंय का म्हणून. मग म्हणालात, “धुकं आल्यावानी दिसते. कोणाले सांगू नको.” मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, कुणालाच नाही. त्या दिवसापासून बागेतली प्रत्येक छाटणी मी केली आहे, बाबा. मिलचा भोंगा व्हायच्या आत, लोक उठायच्या आत. तुम्ही शेजारी उभं राहून सांगायचात आणि मी कापायची; वर्षभरानं तुम्हाला सांगावंही लागत नसे. लोक फिरायला येईपर्यंत सिकेटर तुमच्या हातात गेलेलं असे आणि माझ्या डोक्यावर काटक्यांचं टोपलं. “माळीदादा, हाथ में जादू है आपके,” असं कमिटीचे अध्यक्ष म्हणायचे, तेच ते तेंदूपत्त्याचे ठेकेदार. तुम्ही मान खाली घालून ऐकून घ्यायचात. मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. खरं सांगते, मजा वाटायची. आपल्या दोघांचं काहीतरी गुपित आहे याचीच मजा. मी विसाव्या वर्षी टाकलेली बाई होते, माझ्याजवळ दुसरं काय होतं?

आणि तुम्ही मला साहेबाचं सिकेटर दिलंत. विलायती पोलादाचं, मुठीला हिरवा रंग उडत आलेलं, साहेबानं जाताना तुम्हाला बक्षीस दिलेलं. त्या दिवशी आपण मेंदीचं कुंपण छाटून आलो होतो. तुम्ही ते फडक्यानं पुसलंत, धारेवर रॉकेलचं बोट फिरवलंत आणि माझ्या मांडीवर ठेवलंत. “हे आता तुहं.” आई चुलीजवळून म्हणाली, “बाईच्या जातीले कायले देता थे?” तुम्ही म्हणालात, “जिले वापरता येते तिले देल्लं.” हे वाक्य मी किती वर्षं तोंडात घोळवलं असेल! म्हणूनच पुढचं मला समजत नाही. जो माणूस हे बोलू शकतो तो ते कसं बोलू शकतो?

ठेकेदारांनी नागपूरहून गुलाब आणले. बारा झाडं, सगळी डोळा भरलेली. विलायती गुलाबाचा डोळा गावठी गुलाबाच्या खोडावर बांधतात, त्या जोडाच्या वर जे वाढतं ते विलायती आणि खाली जे फुटतं ते रानटी, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी दाखवलं होतं. माझं बोट धरून त्या जोडावरच्या गाठीवर ठेवलं होतंत. “याच्या खालतं कापलं तं गुलाब मेला समज. मंग निसते काटे.” पहिल्या वर्षी मी छाटली ती झाडं, आणि थंडीत अशी फुलं आली की स्टेशनवरून लोक पाहायला यायचे. दुसऱ्या वर्षी ठेकेदारांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन बागेत करायचं, मोठ्या अधिकाऱ्याला बोलवायचं आणि त्याच दिवशी बारा झाडं फुलांनी लगडलेली हवीत.

छाटणीचे दिवस आले आणि नेमका तेव्हाच आमगावहून निरोप आला की पंच बसणार आहेत, काडीमोड करून घ्यायला या. मामा मला घेऊन जाणार होते. निघताना मी दारातून म्हटलं, “बाबा, मी येतपर्यंत गुलाबाले हात लावू नका.” आई समोर होती. पलीकडच्या ओट्यावर शेजारीण तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली. तुमचा चेहरा लाल झाला. “तू मले शिकवून राहिली?” तुम्ही म्हणालात. “तुह्या जन्माच्या आधीपासून गुलाब कापून राहिलो म्या.” मी गेले. पाच दिवस मी त्या गावात लोकांपुढे उभी राहून, मी वांझ आहे, कजाग आहे, चोर आहे हे ऐकलं, काडी मोडली आणि परत आले. गाडीतून उतरले ती आधी बागेत गेले. बाराच्या बारा झाडं कापलेली होती. जोडाच्या चार बोटं खाली. शेणमाती लावून कापलेली जागा इतकी नीट बंद केली होती तुम्ही, की मला रडू आलं.

मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, “जोडाच्या वरतंच कापलं म्या. अंगठ्यानं पाहून कापलं.” मी म्हटलं, ती गाठ जोडाची नव्हती, खालची जुनी गाठ होती. तुम्ही ताट सरकवून उठलात. त्यानंतर दीड महिना आपण एका शब्दानं त्याविषयी बोललो नाही, आणि तिकडे बुंध्यातून कोंब फुटत होते, जोमदार, बारीक पानांचे, काट्यांनी भरलेले. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय फुटवा आहे! आपण दोघंच ओळखून होतो. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहायची आणि एखादी तरी कळी दिसावी म्हणून देवाला म्हणायची.

सव्वीस जानेवारीला आठ दिवस राहिले असताना ठेकेदारांनी कमिटी बोलावली. बागेतल्या कडुनिंबाखाली सतरंजी घातली होती. ती बैठक मला आजही जशीच्या तशी दिसते. मी कुंपणाशी उभी आहे, दहा-बारा बायकांच्या मागे. तुम्ही सतरंजीच्या कडेला उकिडवे बसला आहात, टोपी हातात. ठेकेदार ओरडत नाहीत, तेच जास्त भीतीचं. ते विचारतात, “माळीदादा, ये क्या हुआ? एक भी फूल नहीं. नागपूरवाला आदमी बोलता है, नीचे से कट गया. किसने काटा?” तुम्ही टोपी डोक्यावर ठेवता, पुन्हा काढता. मला वाटतं आता तुम्ही म्हणणार, चुकलं. माणूस चुकतो. आणि तुम्ही म्हणता, “पोरीनं हात लावला. माह्या मांगं. आमगावले जायच्या आधी कापून गेली थे.”

मला आधी कळलंच नाही की पोरीनं म्हणजे मी. बायका वळून पाहायला लागल्या तेव्हा कळलं. मला पुढे बोलावलं. ठेकेदारांनी मला विचारलं, “क्यों बेटी?” मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उठलात, माझ्या पावलांच्या, माझ्या श्वासाच्या रोखानं आलात आणि हात उगारलात. गालावर मारायचं होतं तुम्हाला. हात कानावर बसला, कानातली बाळी चेपून मानेत रुतली, कारण तुम्हाला माझा गाल दिसत नव्हता. इतक्या जवळून दिसत नव्हता. आणि तिथल्या एकालाही ते समजलं नाही; त्यांना वाटलं बाप फार चिडलाय. “कोणाले विचारून कापलं? सांग!” तुम्ही ओरडलात. मग माझ्या कमरेला खोचलेलं सिकेटर चाचपून काढून घेतलंत आणि सतरंजीवर ठेवलंत. कमिटीनं ठरवलं की या मुलीनं यापुढे बागेत पाऊल ठेवायचं नाही. माळीदादाला समज देऊन सोडण्यात आलं.

मी का बोलले नाही, असं आज कुणी विचारेल. बोलले असते तर तुमचे डोळे गेले हे बोलावं लागलं असतं आणि तुमचं काम गेलं असतं. एवढं मला कळत होतं. मी तुम्हाला वाचवायला तयार होते, बाबा. तुम्ही आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हटलं असतंत की पोरी, तुझ्यावर घेशील का, तर मी घेतलं असतं, आणि तो तडाखाही खाल्ला असता. तुम्ही विचारलं नाहीत. माझी परवानगी घ्यावी एवढीही माझी किंमत तुम्ही केली नाहीत. घरी आल्यावर आईनं मानेवरचं रक्त पुसत तुम्हाला विचारलं, “असं काऊन केलं वो?” आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, “माहे डोळे गेले हे कळलं तं चूल बंद पडन. तिचं काय जाते?”

तिचं काय जाते! सांगते काय गेलं ते. आधीच मी पांढऱ्या पायाची होते, आता माझा हातही वाईट ठरला. हिनं हात लावला की झाड जळतं, असं मोहल्ल्यात लोक बोलायला लागले. शेजारणीनं तिच्या तुळशीभोवती बोरीच्या काट्या रोवल्या. बिडीच्या कामाला बसले तरी बायका आपली पानं माझ्यापासून बाजूला सरकवायच्या. लहान मुलं मला पाहिलं की झाडांच्या आड लपायची आणि “आली, आली” म्हणायची. आणि पहाटेच्या ज्या तास-दीड तासात मी टाकलेली बाई नव्हते, तोच तुम्ही नेलात. तेव्हापासून मी सकाळी भोंग्याच्या आधी जागी व्हायची आणि पडून राहायची. तुम्ही उठायचात, चपला शोधायचात, एकटे जायचात. मला हाक मारत नव्हतात.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई आल्या त्या दिवशी तर तुम्ही कमालच केलीत. त्या बाहेरगावच्या, बागेसमोरच्या घरात भाड्यानं राहायच्या. त्यांनी सरळ विचारलं, “तुमची मुलगी शाळेच्या बागेच्या कामाला पाठवाल का?” मी आत पान कापत होते, माझी कात्री थांबली. तुम्ही म्हणालात, “नाई बाई. तिच्या हातानं झाड जगत नाई.” इथे कमिटी नव्हती, ठेकेदार नव्हते, चुलीचा प्रश्न नव्हता, आपल्या घरात पैसे येणार होते, तरी तुम्ही ते म्हणालात! एकदा बोललेलं खोटं निभवायचं म्हणून तुम्ही मुलीचं सगळं आयुष्य त्याच्यावर टाकायला निघाला होतात. बाई उंबऱ्यावरच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, मी रोज पहाटे खिडकीत बसून वह्या तपासते. बागेत कोण छाटतं ते मी दोन वर्षं पाहिलंय. आणि ती आमगावला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाब जसेच्या तसे उभे होते, तेही पाहिलंय. बैठकीत बायकांना बोलू देत नाहीत, नाहीतर तिथेच सांगितलं असतं. आता मी कुणाला सांगणार नाही. पण मुलगी मला द्या.” मी कात्री ठेवून बाहेर आले आणि चपला घातल्या.

शाळेच्या आवारात मला खोली मिळाली. बाईंनी मला दिवसा झाडं दिली आणि संध्याकाळी पाटी. मी तिथे तेहतीस वर्षं काम केलं. किती मुलींना डोळा कुठे पाहतोय ते ओळखायला शिकवलं, त्याची गणती नाही, आणि एकीलाही धपाटा घातला नाही. पण मला सगळ्यांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. वर्ष-दीड वर्षात तुमचे डोळे गेल्याचं सगळ्यांना कळलंच. तुम्ही भर दुपारी हौदात पडलात आणि ठेकेदारांच्या दिवाणजीनं तुम्हाला बाहेर काढलं. आणि कमिटीनं काय केलं? काढून टाकलं का? त्यांनी कापाकापीला एक गडी नेमला आणि तुम्हाला म्हणाले, बसून राहा, सांगत राहा, बाग तुम्हीच उभी केली आहे. पगार सुरू ठेवला. चूल बंद पडली नाही, बाबा. ती पडणारच नव्हती. तुम्ही त्या दिवशी कडुनिंबाखाली खरं बोलला असतात तरी त्यांनी हेच केलं असतं. मग माझं नाव कशासाठी घेतलंत? आणि सगळं उघड झाल्यावर तरी, म्हणजे तुम्ही आंधळे होता हे मोहल्ल्याला कळल्यावर तरी, एका माणसालाही सुचलं नाही की मग ते गुलाब कुणी कापले होते? तुम्हीही आठवण करून दिली नाहीत. शेजारणीच्या तुळशीभोवतीच्या काट्या तुम्ही गेलात तेव्हाही तिथेच होत्या.

मी सणावारी घरी यायची, आईसाठी. तुम्ही खाटेवर असायचात. “आली का?” म्हणायचात आणि मी “हो” म्हणायची. एवढंच आपलं बोलणं. तुम्ही कधीतरी म्हणाल म्हणून मी चार वर्षं वाट पाहिली. मोठं काही नको होतं मला. “गुलाब म्या कापले होते” एवढे चार शब्द, तेही घरात, आईच्या देखत. तुम्ही गेलात तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि रडायच्या आधी माझ्या मनात आलं, आता ते राहिलंच.

त्या चार माणसांना मी काल निरोप पाठवला की ‘एकट्याच्या’ हा शब्द काढा, मोहल्ल्यानं राख उपसली होती. ते काढतो म्हणाले. तुमच्याविषयी मी चांगलंच बोलेन. ही पानं मात्र वहीतून फाडून ट्रंकेत जातील, कारण हे ऐकायला पाहिजे होतं ते तुम्ही, ते नाहीत.

एक गोष्ट राहिली. तुमच्या शेवटच्या माघात आई शाळेत आली होती. म्हणाली, मोगरा छाटायला झाला आहे, गड्याच्या हातानं ते कापू देत नाहीत, म्हणतात पोरीले बोलाव, मोगरा तिलेच कापता येते. मी आईला सांगितलं, मला रजा नाही. ते खोटं होतं. मला दोन दिवसांची रजा होती आणि बाईंनी वर आणखी देऊ केली होती. त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेपर्यंत आलेही होते. तुम्ही मोगऱ्याच्या वाफ्याशी जमिनीवर बसला होतात आणि बोटांनी काड्या चाचपत होतात. माझं पाऊल वाळक्या पानांवर पडलं. तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, “कोण होय?” मी तुमच्यापासून चार हातांवर होते. तुम्ही पुन्हा विचारलंत, “कोण होय थे? बोलत काऊन नाई?” मी श्वास धरून उभी राहिले, आणि तुम्ही मान खाली घातल्यावर आल्या पावली निघून गेले.